अंगावरचा धातू

ज्या निजामी मुलखात हाली सिक्क्याचा रुपयाच चांदीचा होता, तेथे किनवटकडच्या तांड्यांवरील बंजारा स्त्रीचा हांसळी-टोपली अशा दागिन्यांचा ऐवजही स्वाभाविकच चांदीचा असे, आणि चांदी कातडीस बहुधा सोसते. परंतु ऐपत आखडली की त्याच घडणीचे दागिने जर्मन सिल्व्हरचे येत, ज्यात चांदीचा कणही नसून तांबे, जस्त व निकेल एवढाच मसाला असतो. वैशाखातील घामाने निकेलचा सूक्ष्म अंश विरघळून त्वचेत शिरतो, आणि शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरले की ते बहुधा आजन्म टिकते : कानाची पाळी पाझरते, मानेवर दागिन्याच्याच आकाराचे खाजरे चट्टे उठतात. हा इसब, त्यावर नायट्याचे मलम चोळणे व्यर्थ.

जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंच्या सुवर्णनियंत्रणाने १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली, तेव्हा लातूरच्या गंजगोलाईपासून खेड्यापर्यंतचे सोनार हवालदिल झाले. बावीस कॅरटात हिणकस भाग एक बारांश, तर चौदात पाच बारांश, म्हणजे पाचपट. त्यात तांबे-चांदी असेतोवर चिंता थोडी. निकेल मिसळले की मात्र सोन्याचाही भरवसा उरत नाही.

जुन्या ठुशीला मागे रेशमी गोंड्याची दोरी असल्याने घामेजल्या मानेस धातू टेकतच नसे. ही सोय धातूच्या साखळीने मोडली.