लहान मुलांसाठी जुनी खेळणी: काय धुवावं आणि काय घेऊच नये

मूल रांगायला लागलं की घरात खेळणी येऊ लागतात, आणि ती सगळीच नवी नसतात. मोठ्या जाऊबाईंच्या मुलांची, मामूच्या घरची, शेजारच्या ताईंनी दिलेली, सौदी-दुबईहून परतलेल्या नातेवाइकांच्या खोक्यातली, पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून आणलेली. एका पगारात घर चालवणाऱ्यांना याचा मोठा आधार असतो. पण दादी म्हणते, "धुऊन दे, काही होत नाही," आणि अम्मीच्या मनात मात्र शंका राहते. मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालणार, मग हे खेळणं पाक आहे का? त्यावर कुणाचा आजार तर नसेल ना?

दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे. घाण आणि जंतू बहुतेक वेळा साबण-पाण्यानं जातात. पण काही धोके कितीही धुतलं तरी जात नाहीत, आणि नेमकं त्यांच्याकडेच आपलं लक्ष कमी असतं. एक ते तीन वर्षांच्या मुलांना समोर ठेवून ही माहिती दिली आहे.

पाकीचा प्रश्न

शरीअतचा साधा नियम असा की कोणतीही वस्तू मुळात पाक मानली जाते. नजासत लागल्याची खात्री असेल तरच ती नापाक ठरते. नुसत्या शंकेनं यकीन जात नाही. त्यामुळे "कुणाच्या घरून आलंय, कुणी हात लावला असेल" एवढ्यावरून खेळणं नापाक होत नाही. देणारं घर मुस्लिम आहे की नाही, यानंही फरक पडत नाही.

लघवी, शी किंवा रक्त लागल्याचं दिसत असेल किंवा नक्की माहीत असेल, तर धुणं आवश्यक आहे. हनफी घरांत साधारणपणे तीन वेळा धुतात आणि कापडी वस्तू दर वेळी पिळतात. कोकणातल्या शाफई घरांत नजासतचा रंग, वास आणि खूण जाईपर्यंत स्वच्छ पाण्यानं धुतलं की पुरेसं मानलं जातं. यापलीकडे काही खास अडचण असेल तर आपल्या मशिदीतल्या आलिमांना विचारावं. धुतल्यावरही मन मानत नसेल, पुन्हा पुन्हा धुवावंसं वाटत असेल, तर तो वसवसा आहे. त्याच्या मागे लागू नये.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पाक वस्तूवरही जंतू असू शकतात, आणि जंतू नसलेल्या खेळण्याच्या रंगातही विष असू शकतं. हे तीन प्रश्न वेगळे आहेत. एकाचं उत्तर मिळालं म्हणजे बाकीचे दोन सुटले असं होत नाही.

जंतूंची भीती किती खरी?

सर्दी, खोकला, फ्लू यांचे विषाणू टणक वस्तूवर काही तास, फार तर एक-दोन दिवस टिकतात. त्यामुळे महिनाभर माळ्यावर पडलेल्या खेळण्यापेक्षा काल आजारी मुलाच्या हातात असलेलं खेळणं जास्त धोक्याचं असतं. खेळणं घेताना "तुमच्याकडे सध्या कुणी आजारी आहे का?" असं विचारण्यात काही गैर नाही.

जुलाब-उलटीचे विषाणू, म्हणजे रोटा आणि नोरो, जास्त चिवट असतात. ते अनेक दिवस टिकू शकतात आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरनं नीट मरत नाहीत. त्यांच्यासाठी साबणानं घासून धुणं आणि मग ब्लीच वापरणं हाच उपाय. रोटाची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते, ती बाळाला वेळेवर द्यावी.

उवा डोक्याबाहेर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. खरजेचे किडेही अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतात. ढेकूण मात्र खायला न मिळताही कित्येक महिने राहतात आणि कापडी खेळण्यांच्या शिवणीत लपतात. म्हणून शिवणी उकलून बघाव्यात. काळे ठिपके दिसले तर ते खेळणं घरात आणू नये.

कोणतं खेळणं कसं स्वच्छ करावं

*टणक प्लास्टिक:* आधी कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणानं जुन्या टूथब्रशनं खाचा घासाव्यात. मळ असेल तर त्यावर जंतुनाशक काम करत नाही, म्हणून ही पायरी टाळू नये. नंतर एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा घरगुती ब्लीच घालून खेळणं काही मिनिटं त्यात ठेवावं, चांगल्या पाण्यानं धुवावं आणि उन्हात वाळवावं. ब्लीच कधीही संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये किंवा दुसऱ्या कोणत्याही क्लीनरमध्ये मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. मूल तोंडात घालणार असलेल्या वस्तूला फिनाइल लावू नये.

*कापडी बाहुल्या, टेडी:* मशीनमध्ये किंवा हातानं, कापड सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवावं. धुण्याइतकंच वाळवणंही महत्त्वाचं. आतला कापूस ओला राहिला तर बुरशी धरते. पावसाळ्यात भरगच्च टेडी धुवायला काढू नये, कडक ऊन मिळेपर्यंत तो पिशवीत बांधून ठेवावा. दाबल्यावर कुबट वास येत असेल तर नको म्हणावं.

*लाकडी खेळणी:* पाण्यात भिजवू नयेत, लाकूड फुगतं आणि चिरतं. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसून, मग साध्या ओल्या फडक्यानं पुसून वाळवावीत. सावंतवाडीची जुनी रंगीत खेळणी अनेक घरांत जपून ठेवलेली असतात. त्यांचा रंग उडत असेल तर ती शोकेसमध्येच शोभतात.

*बॅटरीची खेळणी:* सेल काढून ओलसर फडक्यानं पुसावीत. सेलच्या जागी पांढरी किंवा हिरवट पूड साचली असेल तर सेल गळलेला असतो. असं खेळणं घेऊ नये.

*आंघोळीची पिचकारी खेळणी:* भोक असलेली रबरी बदकं, मासे जुने घेऊच नयेत. 2018 मध्ये स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी वापरलेली अशी खेळणी कापून पाहिली, तेव्हा आत जिवाणू आणि बुरशीचा चिकट थर सापडला. बाहेरून कितीही धुतलं तरी आतपर्यंत ब्रश पोचत नाही.

धुऊन न जाणारे धोके

*शिसं:* जुन्या रंगांत आणि काही जुन्या प्लास्टिकमध्ये शिसं असतं. 2018 मध्येच इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठानं घरं, पाळणाघरं आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांतून आणलेली 200 प्लास्टिक खेळणी तपासली. त्यांतल्या काहींत शिसं, कॅडमियम यांसारखी घातक द्रव्यं निघाली, आणि लाल, पिवळ्या व काळ्या रंगांत ती जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचं कोणतंही प्रमाण मुलांसाठी सुरक्षित नाही. शिसं मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. पुढे वर्गात लक्ष न लागणं, शिकण्यात मागे पडणं यामागे तेही एक कारण असू शकतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. शिसं डोळ्यांना दिसत नाही आणि उकळून जात नाही. पोपडे सुटलेलं खेळणं घासलं तर उलट रंगाची पूड जास्त सुटते. काही सुरम्यांतही शिसं असतं, म्हणून लहानग्यांच्या डोळ्यांना सुरमा लावण्याची सवयही सोडलेली बरी.

*बटण सेल:* गाणारी कार्डं, लुकलुकणारी खेळणी, छोटे रिमोट यांत चपटे गोल सेल असतात. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. सेलचं झाकण स्क्रूनं बंद नसेल तर खेळणं मुलाच्या हाती देऊ नये. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, सकाळची वाट पाहू नये, लगेच एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जावं.

*चुंबक:* दोन छोटे शक्तिशाली चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन भागांना पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं.

*सुटे भाग:* तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी 31.7 मिलिमीटर रुंदीच्या नळीत करतात. त्या नळीत पूर्ण मावणारा भाग घशात अडकू शकतो. घरी यापेक्षाही कडक राहावं. डोळे, बटणं, चाकं ओढून पाहावीत. निघण्यासारखं काही असेल तर तो भाग आधीच काढावा किंवा खेळणं परत करावं.

घेताना दोन मिनिटांची तपासणी

- आयएसआय चिन्ह आहे का? 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांना ते बंधनकारक झालं. त्याआधीच्या खेळण्यांवर ते नसू शकतं, तेव्हा जास्त काळजी घ्यावी.
- रंगाचे पोपडे सुटतात का? नखानं हलकेच खरवडून पाहावं आणि हात धुवावेत.
- तडा गेलाय का, धारदार कड आहे का?
- लांब दोरी आहे का? ती गळ्याभोवती अडकू शकते, म्हणून कापून टाकावी.
- कुबट वास किंवा बुरशीचे डाग आहेत का?

जाड प्लास्टिकचे ठोकळे, एकात एक बसणाऱ्या वाट्या, अखंड चेंडू, धुता येणाऱ्या साध्या बाहुल्या ही जुनी घ्यायला चांगली खेळणी. जुना रंग दिलेली, बॅटरीची आणि चुंबकाची खेळणी घेताना हात आखडता ठेवावा.

नातेवाइकांना नकार कसा द्यायचा, हा खरा पेच असतो. "खाला, खेळणं छान आहे, पण हा अजून सगळं तोंडात घालतो. मोठा झाला की देईन," एवढं म्हटलं तरी कुणाचं मन दुखत नाही. घ्यावं आणि कपाटात ठेवावं. पण रंग सुटणारं खेळणं मूल मोठं झाल्यावरही देऊ नये, आणि ते पुढे दुसऱ्याच्या मुलालाही जाऊ नये.

देणाऱ्यांसाठी

रमजानमध्ये आणि शाळेच्या सुट्टीत अनेक घरांतून जुन्या खेळण्यांच्या पिशव्या गरजू वस्तीत जातात. ही चांगली गोष्ट आहे. सूरह बकराच्या 267 व्या आयतीत शिकवण आहे की जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ती निवडून दुसऱ्याला देऊ नये. म्हणून देण्याआधी खेळणं धुवावं, वाळवावं, सेल काढून घ्यावेत, तुटलेलं बाजूला टाकावं. ज्या घरी ते जाणार, तिथल्या आईला कदाचित ही तपासणी करायला वेळ नसेल, किंवा नाही म्हणायची सोयही नसेल. तिच्या वाटची तपासणी आपणच करून द्यावी.