उत्तरभागाची प्रतीक्षा

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्री या गांवीं आमचें घर आहे. २०२५ च्या जून महिन्यांत एके दिवशीं सायंकाळीं आमचे दोन विद्यार्थी ओसरीवर येऊन बसले. पुस्तकें परत करण्याचें निमित्त होतें. परंतु बोलणें लवकरच दुसऱ्या विषयाकडे वळलें. ‘ट्वेंटी-एट इयर्स लेटर’ हा इंग्रजी भयपट नुकताच प्रदर्शित झाला होता, आणि तो पाहण्यास नागपुरास जावें कीं न जावें, असा त्यांचा वाद चालला होता. एक म्हणाला, “सर, पहिला भाग मीं घरीं मोबाइलवर पाहिला आणि चार दिवस अंधारांत जाण्याची छाती झाली नाहीं. तेच दिग्दर्शक पुन्हां आले आहेत; मग न जाऊन कसें चालेल?” दुसऱ्यानें उत्तर दिलें, “म्हणूनच जाऊं नये. नवा भाग पाहून पहिल्याची आठवण बिघडली, तर ती परत कोण देणार?” गंमत अशी, कीं निघतांना तिकिटांचे पैसे प्रथम काढले ते या दुसऱ्यानेंच.

हा वाद ऐकून आम्हांस हसूं आलें. परंतु मागाहून विचार करूं लागतां त्यांत हसण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, असें दिसून आलें. आवडलेल्या कृतीचा उत्तरभाग येणार असें कळलें म्हणजे रसिकाच्या मनांत दोन परस्परविरोधी इच्छा एकदमच उत्पन्न होतात. जें पूर्वीं मिळालें तेंच पुन्हां मिळावें ही एक. आणि पूर्वीं जें मिळालें नाहीं तें या वेळीं मिळावें ही दुसरी. पहिली इच्छा पुरविली तर “यांत नवें तें काय?” असा आक्षेप येतो, आणि दुसरी पुरविली तर “हें तें नव्हेच” अशी ओरड होते. भयरसाच्या बाबतींत तर ही अडचण दुप्पट होते. हास्य पुनरुक्तीनें वाढूं शकतें. भीति परिचयानें ओसरते. एकदां पाहिलेलें भूत दुसऱ्या वेळीं ओळखीचें पाहुणें होऊन बसतें.

ज्या भुतांचा येथें संबंध आहे, त्यांचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. ‘झोंबी’ हा शब्द इंग्रजींत रुळला तो हैतीमधील लोकसमजुतींतून. तेथें फ्रेंच मळेवाल्यांनीं आफ्रिकेंतून आणलेले गुलाम उंसाच्या शेतांत मरेपर्यंत राबत. मरणानंतरही कोणी मांत्रिक आपणांस उठवून पुन्हां राबावयास लावील, ही त्या समजुतीच्या मुळाशीं असलेली भीति होय. म्हणजे भय झोंबीचें नव्हतें. आपणच झोंबी होऊं याचें होतें. १९१५ ते १९३४ पर्यंत हैती अमेरिकेच्या लष्करी अंमलाखालीं होतें. त्याच काळांत, १९२९ सालीं, सीब्रूक नांवाच्या प्रवाशाचें पुस्तक निघालें, आणि १९३२ सालीं ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट आला. गुलामाचें दुःख धन्याच्या करमणुकीची वस्तु झाली, ती अशी.

पुढें १९६८ सालीं जॉर्ज रोमेरो यानें ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढून या प्रेतांना मांसभक्षक केलें. त्या चित्रपटांत ‘झोंबी’ हा शब्द कोठेंही नाहीं, हें नमूद करण्याजोगें आहे. रात्रभर प्रेतांशीं झुंजून वांचलेला कृष्णवर्णी नायक सकाळीं मदतीस आलेल्या माणसांच्याच गोळीस बळी पडतो. ते त्याला प्रेत समजतात. रोमेरोनें १९७८ व १९८५ सालीं पुढील भाग केले; परंतु प्रत्येक वेळीं पात्रें नवीं आणि जागाही नवी. प्रथम शेतावरचें घर, मग भव्य बाजारगृह, शेवटीं जमिनीखालील लष्करी तळ. तिसऱ्या भागाकडून लोकांची अपेक्षा दुसऱ्याच्या धामधुमीची होती. हातीं आला तो गंभीर व कडवट चित्रपट. त्या वेळीं अनेकांनीं नाक मुरडलें. पुढें त्याचा मान वाढला. अपेक्षा कृतीचा निवाडा किती घाईनें करते, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

आमच्या विद्यार्थ्यांच्या चित्रपटाचा वंश निराळा. २००२ च्या ‘ट्वेंटी-एट डेज लेटर’मध्यें, डॅनी बॉइल याच्या दिग्दर्शनाखालीं आणि अॅलेक्स गार्लंड याच्या लेखणींतून, जीं माणसें धांवतात तीं मेलेलीं नाहींतच, त्यांना क्रोधाच्या विषाणूची बाधा झाली आहे. २००७ चा दुसरा भाग निराळ्या दिग्दर्शकाचा. त्यानंतर अठरा वर्षांनीं मूळ जोडी परतली. २०२४ च्या डिसेंबरांत जाहिरातीचा तुकडा प्रसिद्ध होतांच त्यांतील एका अस्थिपंजर आकृतीस पाहून जगभरच्या चाहत्यांनीं पहिल्या भागाचा नायक किलियन मर्फी हाच तो, असा निष्कर्ष काढला. आणि तो तें नव्हता! जुना मित्र मरून प्रेत झाला तरी चालेल, पण तो परत दिसावा, ही आशा त्या चुकीच्या मुळाशीं होती. त्याच तुकड्यांत किपलिंगच्या एका कवितेचें जुनें ध्वनिमुद्रण वापरलें आहे. जंगल बुकाच्या कथा ज्यानें आमच्या बालाघाटपलीकडील सिवनीच्या रानांत घडविल्या, तोच हा किपलिंग. पायपीट करणाऱ्या सैनिकाच्या त्या कवितेंत तेच तेच शब्द इतके वेळां येतात कीं ऐकणाराचें डोकें फिरावें. पुनरुक्तीनें भीति मरते असें आम्हीं वर म्हटलें. कुशल हातीं पुनरुक्तीच भीति उत्पन्न करते, हें येथें मान्य करणें भाग आहे.

आतां वाचकांस घराजवळ आणतों. गोंदियाहून रेल्वेनें पूर्वेस निघालें म्हणजे थोड्याच वेळांत आमगांव लागतें. त्याच्याजवळचें पदमपूर हेंच भवभूतीचें पद्मपूर होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. प्रेतांच्या चित्रपटावरून भवभूतीवर उडी घेणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ‘मालतीमाधवा’च्या पांचव्या अंकांतील स्मशान ज्यांनीं वाचलें आहे, ते असें म्हणणार नाहींत. निराश झालेला माधव रात्रीं नरमांस विकण्यास स्मशानांत जातो, भोंवतीं पिशाचांचा गोंधळ चालतो, आणि तेथेंच बळी दिली जाणारी मालती त्याच्या दृष्टीस पडते. ज्या कवीला आपण करुणरसाचा अधिपति म्हणतों, त्यानें बीभत्साला व भयानकालाही आपलीं दारें बंद केलीं नव्हतीं.

याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं ‘महावीरचरिता’च्या या कर्त्यानें ‘उत्तररामचरित’ लिहिलें. म्हणजे आठव्या शतकाच्या सुमारास विदर्भाच्या या कवीपुढें उत्तरभागाचाच प्रश्न उभा होता. त्याच्या प्रेक्षकांना सीतेचा शेवट ठाऊक होता. तो तसाच दाखवावा तर पुनरुक्ति. बदलावा तर रामायणाशीं विरोध. त्यानें काय केलें तें पाहावें. पहिल्याच अंकांत राम व सीता आपल्याच पूर्वचरित्राचीं चित्रें पाहतात. प्रेक्षकांस मागील कथेची आठवण होते, पण ती पात्रांच्या डोळ्यांतील अश्रूंतून होते. मग मध्यें बारा वर्षें लोटतात. राम पुन्हां दंडकारण्यांत येतो, तेव्हां जेथें प्रवाह होते तेथें वाळवंटें झालीं आहेत, दाट झाडी विरळ झाली आहे. डोंगर मात्र तेच, म्हणून स्थळ ओळखतां येतें. शेवटीं लव-कुश हीं मुलें, ज्यांना पूर्वभागाची केवळ ऐकीव माहिती आहे, तीं सर्व कथा हातीं घेतात. आणि सीता परत मिळते. भवभूतीनें काळ लोटला नाहीं असें सोंग केलें नाहीं. लोटलेला काळ हाच त्यानें आपला विषय केला. आमच्या मतें उत्तरभागाच्या यशाची ही एकच कसोटी आहे.

दुसरा दाखला वेताळपंचविशीचा. तेथें तर सगळी कथाच परतण्याची आहे. राजा प्रेत खांद्यावर घेतो, त्यांतील वेताळ गोष्ट सांगून प्रश्न घालतो, राजा उत्तर देतो, आणि प्रेत पुन्हां झाडावर जाऊन लोंबकळूं लागतें. इतक्या फेऱ्या होऊनही ऐकणारा कंटाळत नाहीं. कारण प्रेत तेंच असलें तरी प्रश्न दर वेळीं नवा असतो. गोव्यांत तर वेताळ ग्रामदेवता म्हणून पूजिला जातो. तो रात्रीं गांवाची फेरी करतो व त्याच्या वहाणा झिजतात, या श्रद्धेनें भाविक त्याला नव्या वहाणा अर्पण करतात. चालणाऱ्या मृताला आमच्या लोकांनीं गोळी घातली नाहीं, जोडा दिला. हा भेद विचार करण्याजोगा आहे.

मराठी चित्रपटाकडे वळलें असतां ही कसोटी लावण्यास महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’चें उदाहरण पुरेसें आहे. १९९३ सालीं ज्या मुलांनीं तात्या विंचूला पाहून पांघरुणांत तोंड लपविलें, तींच मुलें २०१३ सालीं आपलीं मुलें घेऊन ‘झपाटलेला २’ पाहण्यास गेलीं. बाहुल्यांतलें भूत ठरल्याप्रमाणें परत आलें, तेंही त्रिमितीच्या नव्या युक्तीनें. परंतु लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालींच निवर्तले होते. चित्रपटांत त्यांच्या पात्राचा मुलगा नायक आहे, ही योजना योग्यच होती. तरीही चित्रपटगृहांत बसल्यावर आमच्यासारख्यांना कळून चुकलें, कीं आपण वीस वर्षें वाट पाहिली ती भुताची नव्हे. त्याला भिऊन पळणाऱ्या त्या माणसाची. भूत परत येऊं शकतें, माणूस येत नाहीं. पुढें २०२२ च्या २६ जानेवारीस आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ आला, आणि झोंबी डोंबिवलीस राहावयास आले. टोलेजंग इमारत आणि शेजारची वस्ती यांमधील पाण्याचा तंटा त्यांत आहे. हैतीच्या मळ्यांतील मूळ प्रश्न, कोण राबतो आणि कोण पितो, हा अशा रीतीनें मराठींत परत आला. त्याचा आणखी भाग निघाला तर प्रेक्षक तो झोंबींच्या संख्येनें मोजतील. आम्ही पाण्याच्या प्रश्नानें मोजूं.

यावर असा आक्षेप येईल, कीं उत्तरभाग निघतात ते निर्मात्यांच्या लोभामुळें. त्यांत कलेचा शोध करणें भाबडेपणाचें आहे. लोभ आहेच, तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. गोव्यांत घडणाऱ्या ‘गो गोवा गॉन’ या २०१३ च्या हिंदी झोंबीपटाचा पुढील भाग २०२० च्या आरंभीं थाटानें जाहीर झाला, पण जाहीर केलेल्या मुदतींत तो पडद्यावर आला नाहीं. मध्यंतरीं जगावर खरीच सांथ कोसळली होती. परंतु केवळ लोभानें प्रेक्षक येत नाहींत. आमच्या झाडीपट्टींत दिवाळीनंतर मंडईच्या व शंकरपटाच्या निमित्तानें गांवोगांवीं नाटकें होतात. प्रेक्षक थंडींत घोंगडी पांघरून पहांटेपर्यंत बसतात. पुढें काय होणार हें त्यांना बहुधा ठाऊक असतें. तरी ते येतात. कारण गोष्ट तीच असली तरी गेल्या हंगामापासून त्यांच्या घरीं पुष्कळ कांहीं घडून गेलेलें असतें. नाटक जुनें, पाहणारा नवा.

आमचे विद्यार्थी नागपुराहून परतले ते तिसऱ्या दिवशीं भेटावयास आले. ज्याला अपेक्षा मोठी होती तो नाराज होता. “भीति फारशी वाटलीच नाहीं, सर, आणि शेवट तर अगदींच भलता!” या शेवटाविषयीं इतरत्रही असेच दोन तट पडले होते, हें आम्हीं वाचलें होतें. दुसरा, जो जाऊं नये म्हणत होता, तो कांहीं बोलेना. त्या चित्रपटांत बारा वर्षांचा एक मुलगा आजारी आईला घेऊन रोगग्रस्त प्रदेशांतून एका वैद्याचा शोध करीत जातो. त्या वैद्यानें मृतांच्या अस्थींचें एक स्मारक उभारलें आहे. बाधित असोत वा निरोगी, सर्वांच्या कवट्यांना तेथें सारखीच जागा. आई वांचत नाहीं. मुलगा स्वतः तिची कवटी त्या राशीवर, उगवत्या सूर्याकडे तोंड करून ठेवतो.

आमच्या या विद्यार्थ्याची आई २०२१ च्या एप्रिलांत गेली. त्या दिवसांच्या निर्बंधांमुळें त्याला तिचें मुखही पाहतां आलें नव्हतें. पहिला भाग त्यानें त्याच्या आधीं, आई घरांत असतांना पाहिला होता. ओसाड लंडनचे रस्ते तेव्हां त्याला केवळ देखावा वाटले होते. तेच रस्ते पुढें त्यानें गोंदियांत पाहिले. पहिल्या भागाची आठवण बिघडेल या त्याच्या भीतीचा अर्थ आम्हांस त्या वेळीं उमगला नव्हता.

बऱ्याच वेळानें तो एवढेंच म्हणाला, “सर, त्या मुलाला निदान ठेवावयास तरी मिळालें.”

यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें. वेताळाच्या अखेरच्या प्रश्नाला राजाही गप्पच राहिला होता, आणि म्हणूनच प्रेत पुन्हां झाडावर गेलें नाहीं. मित्राची नाराजीची तक्रार तेव्हां थांबली. बाहेर पाऊस लागला होता. दोघांनाही चहा दिला आणि पाऊस उघडेपर्यंत बसवून घेतलें.