एकटा अर्ज, शाळेचा व्हरांडा आणि आपण

पिंपळगाव बसवंतात कोणालाही विचारा, आज टोमॅटोची जाळी काय भावाने गेली, कांद्याला काय भाव फुटला. उत्तर तोंडावर तयार असतं. मग विचारा, "तुमच्या पोराच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत कोण कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली?" बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. आपल्या वस्तीतलेही.

जयंतीच्या मंचावरून आपण काळाराम मंदिर सत्याग्रह सांगतो, दादासाहेब गायकवाड सांगतो, येवल्याची घोषणा सांगतो. सांगायलाच हवं. पण आणखी एक लढा आहे, तो मंचावर क्वचितच येतो. पोराचा हात धरून सरकारी शाळेच्या दारात उभं राहिलेल्या आई-बापांचा लढा. त्यातल्या बहुतेकांची नावं कोणाला ठाऊक नाहीत, त्यांचे पुतळे नाहीत. पण आज आपण चार अक्षरं वाचतो ती त्यांच्यामुळे.

सुरुवात १८५६ पासून करू. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. शाळेने नाकारलं. मुलगा थेट मुंबई सरकारकडे गेला. सरकारने जुलै १८५६ मध्ये जे उत्तर दिलं, ते बाबासाहेबांनी पुढे आपल्या लेखनात जगासमोर मांडलं. त्याचा मथितार्थ असा : न्याय तुझ्या बाजूने आहे, पण तू एकटा आहेस. तुझ्या एकट्यासाठी बाकीच्यांनी शाळा सोडली तर सरकारने काय करायचं?

हे उत्तर नीट लक्षात ठेवा. सरकारने 'तू अपात्र आहेस' असं म्हटलं नाही. 'तू एकटा आहेस' असं म्हटलं. हक्काला डोकी मोजून उत्तर दिलं.

१८५८ मध्ये कंपनी सरकारच्या संचालकांनी स्पष्ट केलं की, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील. कागदावर दार उघडलं. पण कागद काही शाळेच्या उंबऱ्यापर्यंत आपल्या पायाने चालत जात नाही. तो कोणीतरी न्यावा लागतो.

तो नेला दापोलीच्या पेन्शनरांनी. कोकणातल्या दापोलीला निवृत्त महार आणि चांभार सैनिकांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर याच मातीतले. रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर काही काळ इथेच राहिले. पलटणीतल्या शाळेने या माणसांना अक्षराची किंमत शिकवली होती. पण पेन्शन घेऊन गावी आल्यावर कळलं की, बापाने सरकारसाठी बंदूक धरलेली चालते, पोराने सरकारी शाळेत पाटी धरलेली चालत नाही! १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला या पेन्शनरांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून सरकारकडे अर्ज केले. एकट्याने नव्हे, मिळून. त्यामुळे धारवाडचं उत्तर इथे देता येईना. नगरपालिकेने विरोध केला, टाळाटाळ केली. शेवटी मुलांना घेतलं, पण बसवलं कुठे? व्हरांड्यात.

मित्रांनो, आपल्या शिक्षणाचा अर्धा इतिहास त्या व्हरांड्यात आहे. हजेरीपटावर नाव आहे, वर्गात जागा नाही. कायदा पाळल्याचा देखावा झाला आणि जातही शाबूत राहिली. सातारच्या शाळेत बाबासाहेब वर्गात बसले खरे, पण स्वतःच्या गोणपाटावर, वेगळे. आणि शिपाई नसला तर पाणीही नाही. त्यांनीच ते लिहून ठेवलं आहे. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांचा सातारच्या शाळेतला प्रवेशदिन आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या दिवशी रामजीबाबांची आठवण किती जण काढतात? नोकरी संपलेली, पेन्शन तुटपुंजी, तरी पुस्तकांसाठी लेकींकडे हात पसरणारा तो बाप.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी आकडे ठेवून सांगितलं की, प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात. म्हणजे प्रश्न नुसत्या प्रवेशाचा नव्हता, टिकण्याचा होता.

आणि टिकू न देण्यासाठी गाव काय करतं, ते १९३५ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. अहमदाबाद जिल्ह्यातल्या कविठा गावात अस्पृश्य पालकांनी आपली चार मुलं सरकारी शाळेत घातली. चारच! सवर्णांनी आपली मुलं काढून घेतली, वस्तीवर हल्ला केला, बहिष्कार घातला, विहिरीत रॉकेल ओतलं. गांधीजींचा सल्ला काय, तर गाव सोडून जा. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये या कविठ्याचा दाखला दिला आहे. दोनच महिन्यांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्या निफाडच्या शेजारच्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. पोराला शाळेत घातलं म्हणून ज्या धर्मात विहीर नासवली जाते, त्या धर्मात राहायचं कशाला?

आता आजचं बोलू. सरकारचं मोजणं थांबलेलं नाही. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. शब्द बदलला, 'पटसंख्या' झाला, तर्क धारवाडचाच. तुम्ही थोडे आहात, तुमच्यासाठी शाळा कशाला? त्याच ऑक्टोबरमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची आदिवासी मुलं आणि पालक बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेले. शाळा बंद करता ना? मग दप्तर घ्या, बकऱ्या द्या. दापोलीच्या अर्जाची ही आजची भाषा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना आरटीईच्या पंचवीस टक्के जागांतून सूट दिली. पालक आणि संघटना कोर्टात गेले. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मिळून गेले म्हणून.

आपल्या हातात काय आहे? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. सरकारी शाळेला आलेला पैसा कुठे गेला हे बघण्याचा अधिकार तिथल्या समितीला आहे. आणि आपण काय करतो? द्राक्षाच्या छाटणीवरून दमून आलेल्या आईपुढे प्रोसिडिंग बुक येतं, ती सही करते, अंगठा देते आणि कामाला लागते. नाव आहे, जागा नाही. हा आजचा व्हरांडा आहे.

तरुणांनो, या जूनमध्ये एक काम करा. आपल्या वस्तीतल्या पाच आया आणि पाच बाप घेऊन शाळेत जा. समितीची यादी मागा, मागच्या बैठकीचं प्रोसिडिंग मागा, पेठ-सुरगाण्याहून मजुरीला आलेल्यांची मुलं कुठे बसतात ते बघा. तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकटे मात्र जाऊ नका. एकट्याला काय उत्तर मिळतं, ते १८५६ पासून आपल्याला माहीत आहे.

जय भीम! जय संविधान!