पट्टी आणि कौल

विलायतेतील बटाट्याच्या मतदानावर आपण एक संध्याकाळ का घालवावी, असे काही श्रोत्यांना वाटेल. आम्हांस ती घालवावीशी वाटते. कारण प्रश्न बटाट्याचा नाही, पट्टीचा आहे.

ब्रिटनमध्ये १९३४ साली बटाटा विक्री मंडळ निघाले. कोणी किती क्षेत्र लावावे हे ते ठरवी, आणि पीक अतोनात आले की वाढावा बाजारातून उचली. याच मंडळाने १९६४ मध्ये लिंकनशायरमधील सटन ब्रिज येथे साठवणीचे संशोधनकेंद्र काढले. काढलेला बटाटा कोंब न फुटता महिनोन्‌महिने कसा टिकेल, हे तेथे तपासले जाई. १९९७ मध्ये मंडळ मिटले, पट्टी राहिली. २००८ पासून ती शेती व बागायत विकास मंडळाकडे जाऊ लागली. बटाटेवाला हेक्टरी सुमारे ४२ पौंड भरी, तर भाजी पिकविणारा विक्रीवर अर्धा टक्का.

हा पैसा जाई कोठे? लीक, पार्सनिप अशा लहान पिकांसाठी औषधाची परवानगी काढण्याचा खर्च औषधकंपनीस परवडत नाही. तिचा धंदा गव्हावर चालतो. ती परवानगी मंडळ मागे. एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले हे काम नव्हे. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांनी १९७५ मध्ये उभारलेली मांजरीची संस्था आपणांस ठाऊक आहेच. पण ऊस कारखान्याच्या काट्यावर येतो. भाजी शंभर वाटांनी बाजारात जाते, तिला असा एक काटा कोठला?

२०२१ मध्ये कौल घेतला, तेव्हा बागायतीत ६१ टक्के व बटाट्यात ६६ टक्के मते पट्टीविरुद्ध पडली. या मंडळींना कृतघ्न म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. सक्तीने घेतलेल्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क देणाऱ्यासच असतो. अडचण एवढीच, की ज्या प्रयोगाचे उत्तर पाच वर्षांनी यायचे, त्याचे फळ यंदाच्या हिशेबात दाखवावे कसे?

वेळ मात्र वाईट साधली. कोंब दाबण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले क्लोरप्रोफाम तेथे २०२० च्या ऑक्टोबरात बंद झाले होते. त्याच्या जागी काय वापरावे, याची पारख सटन ब्रिजला चालू होती. ते केंद्र २०२१ मध्येच बंद झाले.