थम्स अपची विक्री (१९९३) : नाव, बाटली आणि मालकी

लोकांच्या अंगवळणी पडलेली, परंतु भांडवलाने लहान अशी एखादी व्यापारी संस्था बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने विकत मागितली असता तिच्या मालकाने ती विकावी की विकू नये, हा प्रश्न बहुधा किमतीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. मिळणारी रक्कम भावी उत्पन्नाहून अधिक असेल तर विकावे, एरवी विकू नये, असे त्याचे सोपे उत्तर असते. १९९३ च्या उत्तरार्धात मुंबईच्या पार्ले समूहाचे रमेश चौहान यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा व माझा ही आपली पाच पेये अमेरिकेच्या कोका-कोला कंपनीस विकली. त्या व्यवहाराचा इतिहास पाहता हे उत्तर अपुरे ठरते. विकणाऱ्याच्या मालकीचे नेमके काय होते, हे त्यात आधी ठरवावे लागते. आणि नेमके तेच पुष्कळदा गृहीत धरले जाते.

पार्ले हे नाव मुंबईच्या विलेपार्ले उपनगराचे होय. मोहनलाल चौहान यांनी १९२९ मध्ये तेथे गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला. पुढे बिस्किटे आली, आणि स्वातंत्र्यानंतर शीतपेये. कालांतराने कुटुंबाच्या शाखा विभक्त झाल्या व शीतपेयांचा धंदा रमेश चौहान यांच्याकडे आला. कोका-कोला भारतात १९५० मध्ये आली होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांनी आपला भांडवली हिस्सा शेकडा ४० पर्यंत उतरवावा असे ठरले. हिस्सा उतरवण्याबरोबर पेयाचे तंत्रही भारतीय भागीदारास द्यावे लागणार, हे कोका-कोलास मान्य नव्हते. १९७७ मध्ये जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या कारकीर्दीत तिने देश सोडला. त्या रिकाम्या जागेत त्याच वर्षी थम्स अप अवतरले. सरकारनेही मॉडर्न बेकरीजकरवी ‘डबल सेव्हन’ नावाचे पेय काढले होते. ते टिकले नाही. सरकारच्या पाठबळाने पेय तयार करता येते, परंतु त्याची चटक लावता येत नाही, एवढे त्या प्रयोगाने सिद्ध केले.

थम्स अप या नावाविषयी एक गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. अंगठा उंचावण्याच्या इंग्रजी शब्दप्रयोगातील ‘ब’ हे अक्षर त्यातून वगळलेले आहे. इंग्रजी लिपीत हा लोप डोळ्यांना लगेच जाणवतो. तथापि ते अक्षर मुळातच अनुच्चारित असल्यामुळे देवनागरीत लिहिताना मूळ प्रयोग व व्यापारी नाव यांत काहीच भेद उरत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ज्या वैशिष्ट्यामुळे हे नाव मालकीचे झाले, ते वैशिष्ट्य मराठी वा हिंदी ग्राहकाच्या कानापर्यंत कधी पोहोचलेच नाही. माझा या नावाची गंमत याहून वेगळी. मराठी माणसाला ते सर्वनामच वाटते, आणि कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाचे उत्तर त्याने बाटलीवरच छापलेले वाचले असे म्हणावे लागेल.

पुढील सोळा वर्षांत थम्स अप देशातील सर्वांत लोकप्रिय कोला झाले. १९९३ मध्ये शीतपेयांच्या एकूण बाजारपेठेतील निम्म्याहून अधिक वाटा पार्लेच्या पेयांकडे होता. पेप्सीला १९८८ मध्ये प्रवेशाची परवानगी मिळाली होती व १९९० मध्ये तिचे पेय ‘लहर पेप्सी’ या नावाने बाजारात आले होते. केवळ परदेशी नाव वापरण्यास त्या वेळी मुभा नव्हती, म्हणून हा ‘लहर’ प्रत्यय पुढे जोडलेला. तिच्याशी पार्लेने तीन वर्षे उत्तम झुंज दिली. मग १९९१ च्या आर्थिक धोरणाने दार उघडले व ऑक्टोबर १९९३ मध्ये आग्र्याहून कोका-कोलाने पुनरागमन केले. ज्याच्याकडे निम्मी बाजारपेठ आहे त्याने सुमारे ६ कोटी डॉलरांना सर्व काही विकून टाकावे, हे तत्कालीन अनेकांना शरणागतीसारखे वाटले. स्वदेशीच्या भाषेत त्याची निर्भर्त्सनाही झाली. या मतात भावनेचा भाग रास्त असला तरी वस्तुस्थितीचा भाग थोडा आहे.

वस्तुस्थिती समजण्यासाठी मुंबई सोडून वऱ्हाडात यावे लागते. मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९३ मध्ये वाशीम जिल्हा अस्तित्वात नव्हता (तो १ जुलै १९९८ रोजी झाला) आणि गाव अकोला जिल्ह्यात मोडत असे. अशा गावातील दुकानात शीतपेय पोहोचते ते कसे? मुंबईची कंपनी मूळ अर्क तयार करते. तो अर्क ती निरनिराळ्या प्रदेशांतील स्वतंत्र कारखानदारांना, म्हणजे बॉटलरांना, देते. साखर, पाणी व वायू मिसळून बाटल्या भरणे, चोवीस बाटल्यांची खोकी मालमोटारीत घालून गावोगाव फिरवणे आणि रिकाम्या बाटल्या परत गोळा करणे ही कामे बॉटलरची. त्या काळी बाटली काचेची व परतीची होती. दुकानदाराला नवे खोके हवे असेल तर जुने रिकामे खोके द्यावे लागे, नाहीतर अनामत भरावी लागे. त्यात त्याच्याजवळ बर्फाची पेटी एकच. तिच्यात ज्याची मालमोटार नियमाने येते त्याच्याच बाटल्या राहणार. उन्हाळ्यात बसमधून उतरलेल्या प्रवाशाने थम्स अप मागावे ही पार्लेची कमाई खरी. पण ती बाटली पेटीत असावी ही कमाई बॉटलरची होती.

ही दुसरी कमाई पार्लेच्या मालकीची नव्हती. नाव व अर्क चौहानांचे. कारखाने, बाटल्या, मालमोटारी आणि दुकानदारांशी असलेला घरोबा बहुतांशी इतरांचा. अशा स्थितीत प्रतिस्पर्ध्याला पेयाशी झुंजण्याची गरज नसते. त्याने बॉटलर फोडले की पुरे. दोन्ही अमेरिकी कंपन्यांचे भांडवल पाहता बॉटलरांना आपल्याकडे वळवणे त्यांना जड नव्हते, आणि एकेक बॉटलर गेला असता तर त्या त्या प्रदेशात थम्स अपची मागणी शिल्लक राहून माल मात्र मिळेनासा झाला असता. चौहानांना विकण्याजोगी जी वस्तू होती तिची किंमत दर महिन्याला उतरण्याचा संभव होता. ती पूर्ण असेपर्यंतच विकणे याला शरणागती म्हणण्यापेक्षा हिशेब म्हणणे अधिक युक्त होय.

हा केवळ तर्क नाही. विक्रीनंतर लवकरच जे घडले ते याची साक्ष देते, आणि गंमत अशी की या वेळी खुद्द कोका-कोलालाच त्या धोक्याचा सामना करावा लागला. गुजरात बॉटलिंग कंपनीचे कारखाने अहमदाबाद व राजकोट येथे होते. सप्टेंबर १९९३ च्या करारान्वये ती कोका-कोलाकडे आलेली गोल्ड स्पॉट, लिम्का, थम्स अप आदी पेये भरीत असे. जानेवारी १९९५ मध्ये तिचे भाग पेप्सीच्या बाजूने विकत घेतले गेले. कोका-कोलाने पार्लेकडून नावे घेतली. पण अहमदाबाद-राजकोटच्या बाटल्या एका रात्रीत प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जाण्याची वेळ आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. करार चालू असेपर्यंत इतर कोणाची पेये भरणार नाही, असे कलम त्यात होते. हे कलम १८७२ च्या करार कायद्यातील कलम २७ प्रमाणे व्यापारास प्रतिबंध करणारे, म्हणून निरर्थक आहे काय, हा मुख्य वाद होता. उच्च न्यायालयाने कोका-कोलास अंतरिम मनाई हुकूम दिला. ४ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बॉटलरचे अपील फेटाळले. करार चालू असतानाचे असे बंधन व्यापार रोखीत नाही, उलट त्याला चालना देते, असे न्यायालयाचे मत पडले. हा निर्णय आज कायद्याचे विद्यार्थी कलम २७ साठी वाचतात. व्यापाराच्या इतिहासाच्या अभ्यासकाने तो बाटलीचे महत्त्व जाणण्यासाठी वाचावा.

विकलेल्या नावांचे पुढे काय झाले, याचा वृत्तांत एकसारखा नाही. गोल्ड स्पॉट कालांतराने बंद झाले, कारण नव्या मालकाजवळ त्याच जातीचे फँटा होते. सिट्राचीही तीच गत झाली. थम्स अपलाही प्रथम सावत्र वागणूक मिळाली. कोका-कोलास आपल्या मूळ पेयासाठी जागा मोकळी हवी होती. परंतु ग्राहक हटेनात. तिखट चवीची, अधिक वायूची ती बाटली मागणारे मागतच राहिले, आणि पेप्सीशी लढण्यास तीच उपयोगी पडते हे ध्यानात आल्यावर कंपनीने धोरण पालटले. २०२१ मध्ये थम्स अपची वार्षिक विक्री १०० कोटी डॉलरांवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. पाच नावांपैकी जी दोन मेली ती लोकांना आवडत नव्हती म्हणून मेली नाहीत. नव्या घरात त्यांचे काम करणारे दुसरे आधीच होते, एवढाच त्यांचा दोष. लिम्का व माझा यांना असा प्रतिस्पर्धी घरात नव्हता.

या प्रकाराची पुनरावृत्ती अगदी वेगळ्या क्षेत्रात अलीकडे पाहावयास मिळाली. कार्यालयातील सहकाऱ्यांत संदेशांची देवघेव करून देणारी स्लॅक ही संगणकीय सेवा फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिचे एक संस्थापक स्टुअर्ट बटरफील्ड यांनी यापूर्वी छायाचित्रांची फ्लिकर ही सेवा २००५ मध्ये याहूला विकली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तशीच टीम्स ही सेवा जाहीर केली, तेव्हा स्लॅकने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन प्रतिस्पर्ध्याचे काहीसे खोचक स्वागत केले. या जाहिरातीतील आत्मविश्वास अनाठायी नव्हता. वापरणाऱ्यांचे प्रेम स्लॅकवर होतेच. परंतु मायक्रोसॉफ्टचे ऑफिस हजारो कार्यालयांत आधीच पोहोचलेले होते व टीम्स त्याच्याच जोडीने दिले गेले. किन्हीराजाच्या दुकानातील एकुलत्या बर्फपेटीची जी भूमिका, तीच येथे ऑफिसची. जुलै २०२० मध्ये स्लॅकने युरोपीय आयोगाकडे याविरुद्ध तक्रार नोंदवली, आणि त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी २,७७० कोटी डॉलरांना सेल्सफोर्सकडे जाण्याचा निर्णय जाहीर केला. जुलै २०२१ मध्ये व्यवहार पुरा झाला. दोन्ही प्रसंगांतील रकमांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विकणाऱ्याची अडचण मात्र एकच होती : लोकांची आवड त्याच्या हाती, लोकांपर्यंतचा रस्ता दुसऱ्याच्या हाती. फरक आहे तो एवढाच, की चौहानांनी ज्याच्याशी लढायचे त्यालाच विकले, तर स्लॅकने प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिस्पर्ध्याचा आसरा घेतला. त्यामुळे सेल्सफोर्सच्या घरात स्लॅकचे काम करणारे त्या तोडीचे दुसरे कोणी नव्हते, आणि गोल्ड स्पॉटची गत तिच्या वाट्यास आली नाही.

चौहान यांच्यापुरता हा प्रश्न १९९३ मध्ये संपला नाही. १९६९ मध्ये पार्लेने ४ लाख रुपयांना घेतलेला बिसलेरी हा बाटलीबंद पाण्याचा धंदा त्यांनी विकलेल्या पाच नावांत नव्हता. शीतपेये गेल्यावर त्यांनी आपले सर्व लक्ष त्याकडे वळवले, आणि या खेपेस पाणी पोहोचवण्यासाठी स्वतःच्या मालमोटारींचा ताफा उभा केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बिसलेरी टाटांकडे जाणार अशी वार्ता आली. ६ ते ७ हजार कोटी रुपयांचा आकडा वृत्तपत्रांत झळकला. मार्च २०२३ मध्ये टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने बोलणी थांबल्याचे शेअर बाजारास कळवले. त्यानंतर बिसलेरीचा कारभार कन्या जयंती चौहान पाहतील, असे रमेश चौहान यांनी सांगितले.