वाइनच्या द्राक्षांनी शिकवलेला धडा

नवे पीक आले की गावात पहिला प्रश्न निघतो, ‘एकरी किती सुटतात?’ घेणारा आलाच नाही तर मालाचे काय करायचे, हा दुसरा प्रश्न मागेच राहतो. महाराष्ट्रातील वाइन उद्योगाचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचाच आहे.

१९८०च्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगावला फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन तयार होऊ लागली. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. परवाने सुलभ झाले, उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्कची आखणी झाली. वायनरी वाढल्या. त्यांच्याशी करार करून शेतकऱ्यांनी कॅबर्ने, शिराज अशा जाती लावल्या.

मेख इथेच होती. थॉमसन सीडलेस द्राक्षे बाजारात खपली नाहीत, तर त्यांचा बेदाणा करता येतो. तासगावची बाजारपेठ त्यावरच उभी आहे. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि आत बी. मंडईत त्याला गिऱ्हाईक नाही, बेदाण्यालाही तो कामाचा नाही. त्याला एकच दार, वायनरीचे.

२००८ मध्ये जागतिक मंदी आली. त्याच नोव्हेंबरात मुंबईतील हॉटेलांवर दहशतवादी हल्ला झाला. पर्यटन थंडावले, वाइन टाक्यांत पडून राहिली. अनेक वायनरींनी द्राक्षे उचलली नाहीत. काही वर्षे जोपासलेल्या बागांवर शेतकऱ्यांनी कुऱ्हाड चालवली.

उसाचा इतिहास वेगळा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभारला, तेव्हा ऊस घालणारा शेतकरी कारखान्याचा सभासदही होता. पुढे उसाच्या किमान दराला कायद्याचा आधार मिळाला. तिथेही थकबाकीची दुखणी आहेतच. पण दाद मागायला जागा आहे. वाइनच्या द्राक्षाला करारातील शब्दाखेरीज आधार नव्हता.

उद्योग मात्र सावरला. वायनरी पाहायला पर्यटक येऊ लागले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘सुला’ शेअर बाजारात नोंदली गेली. बाग तोडलेल्यांना त्याचा काय उपयोग?

आज ड्रॅगन फ्रूट, बांबू यांची चर्चा आहे. ही पिके जरूर लावावीत. पण रोप घेण्याआधी दुसरे गिऱ्हाईक कोण, आणि करार मोडला तर भरपाई कोण देणार, हे लेखी विचारून घ्यावे.