आशयमंचाचे सहकारीकरण

आशयमंचाचे सहकारीकरण : छायाचित्रकार, संगीतकार, लेखक, व्हिडिओ करणारे अशा आशयनिर्मात्यांच्या कामावर उभ्या असलेल्या ऑनलाइन मंचाची मालकी त्याच निर्मात्यांच्या सहकारी संस्थेकडे सोपवण्याची प्रक्रिया. गुंतवणूकदारांचे पैसे घेतलेल्या स्टार्टअपपुढे एरवी दोनच वाटा असतात. मोठ्या कंपनीला विकून टाकायचे, किंवा शेअर बाजारात उतरायचे. कोलोरॅडो विद्यापीठातील माध्यम-अभ्यासक नेथन श्नायडर यांनी तिसरी वाट मांडली आणि तिला ‘एक्झिट टू कम्युनिटी’ हे नाव दिले : मंच ज्यांच्या जिवावर चालतो त्यांनाच तो द्यावा. या विचाराची मुळे ट्रेबर शोल्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या मंच-सहकाराच्या कल्पनेत आहेत.

मालकी हातून गेल्यावर काय होते हे आयस्टॉकफोटोच्या इतिहासात स्पष्ट दिसते. ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी २००० मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे हा मंच सुरू केला. हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांनी आपापली छायाचित्रे एकमेकांना वापरायला द्यावीत एवढाच मूळ हेतू होता. पुढे अल्प दराने विक्री सुरू झाली. संग्रह वाढला तो छायाचित्रकारांच्या कामामुळे, परंतु कंपनीत त्यांचा एकही भाग नव्हता. २००६ मध्ये गेटी इमेजेसने ५ कोटी डॉलरला आयस्टॉकफोटो विकत घेतली. त्या व्यवहाराच्या वेळी छायाचित्रकारांना कोणी विचारले नाही, आणि विचारायचे कायदेशीर कारणही नव्हते. २०१० मध्ये रॉयल्टीचे नवे दर जाहीर झाले. फक्त याच मंचाशी बांधील नसलेल्या छायाचित्रकारांचा वाटा आधीच २० टक्के होता. तो कमी विक्री असणाऱ्यांसाठी १५ टक्क्यांपर्यंत उतरला. निषेध खूप झाला. पण निषेध करणाऱ्यांच्या हाती मत नव्हते, आणि मताशिवायचा निषेध फार तर कंपनीच्या कानापर्यंत पोहोचतो.

लिव्हिंगस्टन यांनी आयस्टॉकफोटोतील जुन्या सहकारी ब्रियाना वेटलॉफर यांच्यासह ब्रिटिश कोलंबियातील व्हिक्टोरिया येथे स्टॉक्सी युनायटेड ही सहकारी संस्था उभारली. तिचा मंच २०१३ मध्ये खुला झाला. हे रूढ अर्थाने रूपांतर नव्हे, कारण जुनी कंपनी गेटीकडेच राहिली. तरीही या विषयातला सर्वांत शिकवणारा दाखला हाच आहे. कंपनी एकदा विकून बसलेल्या माणसाने दुसऱ्या वेळी मालकीचा प्रश्न पहिल्या दिवशीच निकालात काढला. बाहेरचा भांडवलदार न घेता संस्थापकांनी दिलेल्या कर्जावर काम सुरू झाले आणि ते कर्ज संस्थेने पुढे फेडले.

स्टॉक्सीत सभासदांचे तीन वर्ग आहेत : संस्थापक व सल्लागार, कर्मचारी, आणि छायाचित्रकार व व्हिडिओकार. भागाची किंमत १ डॉलर, आणि इंग्लंडमधील रॉचडेलच्या १८४४ च्या सहकारी परंपरेप्रमाणे एका सभासदाला एकच मत. साध्या परवान्याच्या विक्रीतून ५० टक्के आणि विस्तारित परवान्यातून ७५ टक्के रक्कम थेट निर्मात्याला मिळते. वर्षअखेरीची शिल्लक वाटताना कोणाचे भागभांडवल किती हे पाहत नाहीत. ज्याचे काम जास्त विकले गेले त्याला जास्त मिळते. कोल्हापूरकडचे दूध उत्पादक दिवाळीला जो दर फरक घेतात, त्याचेच हे छायाचित्रणातले रूप. २०१५ मध्ये स्टॉक्सीची विक्री ७९ लाख डॉलरवर गेली आणि सभासदांना रॉयल्टीखेरीज २ लाख डॉलर वाटण्यात आले.

एक अडचण मात्र इथे खरी आहे. खुले सभासदत्व हे सहकाराचे पहिले तत्त्व, तर स्टॉक्सीने सभासदसंख्या सुमारे १,००० वर रोखली होती आणि निवड कडक ठेवली होती. दार सताड उघडले असते तर प्रत्येकाची विक्री इतकी पातळ झाली असती की सभासदत्वाला अर्थ उरला नसता. हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. दाराबाहेर राहिलेल्यांचे मात्र त्याने समाधान होत नाही. शिवाय सहकारी साखर कारखान्याचे सभासद एका कार्यक्षेत्रातले, एकमेकांना तोंडओळखीने तरी जाणणारे असतात. स्टॉक्सीचे साठाहून अधिक देशांत विखुरलेले. सर्वसाधारण सभा, ठराव, मतदान हे सारे ऑनलाइनच करावे लागते.

चालू कंपनीचे रूपांतर याहून कितीतरी अवघड. ट्विटर विकायला निघाल्याच्या चर्चा असताना, सप्टेंबर २०१६ मध्ये, श्नायडर यांनी गार्डियनमध्ये लिहून ते वापरकर्त्यांनीच विकत घ्यावे असे सुचवले. त्यातून मोहीम उभी राहिली आणि सहकारी किंवा तशाच स्वरूपाच्या मालकीचा अभ्यास संचालक मंडळाने करावा, असा भागधारकांचा प्रस्ताव २२ मे २०१७ च्या वार्षिक सभेपुढे आला. मागितला होता तो केवळ अहवाल. मंडळाने विरोध केला, आणि प्रस्तावाला ५ टक्क्यांहून थोडी कमी मते पडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४,४०० कोटी डॉलरला ट्विटर एका व्यक्तीच्या मालकीचे झाले. एवढी रक्कम वर्गणीने गोळा होणे नाही.

म्हणून रूपांतराचा सारा पेच गुंतवणूकदाराच्या निर्गमनात आहे. त्याचे भाग कोणत्या मूल्याला परत घ्यायचे आणि पैसा कुठून आणायचा? मंचाच्या उत्पन्नातून हप्त्याहप्त्याने परतफेड, सहकारी पतसंस्थांचे कर्ज, सभासदांचे भाग, किंवा परतावा मिळणारे पण मताधिकार नसलेले भाग, असे मार्ग सुचवले जातात. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या २०११ च्या कायद्याने निर्माते-सभासद आणि गुंतवणूकदार-सभासद एकाच सहकारी संस्थेत बसवता येतात. त्यामुळे तेथे असे प्रयोग पोटनियमांत मांडणे सोपे गेले. गुंतवणुकीच्या करारातच परत खरेदीचे कलम आणि किमतीची कमाल मर्यादा असेल तर पुढची वाट मोकळी राहते. मूल्यांकन आभाळाला भिडल्यावर ते कलम घालायला कोणीही तयार होत नाही.

स्वतंत्र संगीतकारांच्या बँडकॅम्प या मंचावर मालक बदलण्याची वेळ दोनदा आली. मार्च २०२२ मध्ये ती कंपनी एपिक गेम्सने घेतली आणि २०२३ मध्ये साँगट्रेडरला विकली. त्या विक्रीनंतर सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. दोन्ही वेळा तेथे गाणी विकणाऱ्या कलावंतांना मत नव्हते. त्या अनुभवातून ‘सबव्हर्ट’ या संगीतकारांच्या सहकारी मंचाची उभारणी सुरू झाली. बँडकॅम्प परत घेण्याचा खटाटोप न करता त्यांनीही स्टॉक्सीप्रमाणे नवा मंच पायापासून बांधायला घेतला.